आठवणीचं झाड आणि तीन उन्हाळे

मालवणहून कुडाळकडे किंवा कणकवलीकडे एसटीने जाताना खिडकीतून बाहेर बघता ना? मग एखाद्या वळणावर झाडाला घातलेला सुकलेला हार, दगडावर रंगवलेलं नाव किंवा पावसाने रंग उडालेला फोटोचा फ्लेक्स कधीतरी तुमच्याही नजरेस पडला असेल. कुणीतरी सकाळी घरातून निघालं आणि त्या वळणावर थांबलं, ते कायमचंच. बस पुढे जाते, आपणही क्षणभर हात जोडून पुढे जातो. पण त्या घरातल्या आईला, बायकोला, बहिणीला ते वळण रोज आठवत राहतं. ‘तिकडे त्याच्या नावाचं काहीतरी असायला हवं’ असं तिला मनापासून वाटतं.

फ्लेक्स पहिल्याच पावसाळ्यात फाटतो. हार वर्षश्राद्धापर्यंत बदलला जातो, पुढे तेही राहून जातं. म्हणूनच फलकाऐवजी रस्त्याकडेला चार झाडं आणि थोडी फुलझाडं लावून छोटीशी स्मृतिबाग करावी, ही कल्पना मला फार मोलाची वाटते. तशी ती नवी नाहीच. गेलेल्या माणसाच्या नावाने वडापिंपळाला पार बांधणं, पाणपोई घालणं, विहीर खोदणं ही आपलीच रीत. गेलेल्याची आठवण वाटसरूच्या उपयोगी पडावी, हाच त्यामागचा विचार. तिकडे ग्रीसमध्ये अपघाताच्या जागी घरच्यांनी उभारलेली इवलीशी देवघरं रस्त्याकडेला दिसतात. दुःख व्यक्त करायला माणसाला जागा लागते, ती इथे काय नि तिथे काय!

आपल्या महाराष्ट्रात ही गोष्ट नेटाने करून दाखवली ती पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या रानमळा गावाने. पी. टी. शिंदे गुरुजींच्या पुढाकाराने १९९०च्या दशकापासून तिथे घरातल्या प्रत्येक सुखदुःखाला झाड लावलं जातं. मूल जन्मलं की झाड, लग्न झालं की झाड, मुलगी सासरी गेली की झाड आणि घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावाचंही झाड. २०१८ मध्ये राज्य शासनाने हाच ‘रानमळा पॅटर्न’ गावोगावी न्यायचं ठरवलं. त्यातली नावं किती बोलकी आहेत बघा! शुभमंगल वृक्ष, आनंद वृक्ष, माहेरची झाडी आणि गेलेल्या माणसासाठी स्मृती वृक्ष. ही झाडं जगली याचं कारण साधं आहे. प्रत्येक झाड कुणा ना कुणा घराचं होतं. ‘सरकारी झाड’ वाळलं तर कुणाला काही वाटत नाही, पण ‘आबांचा आंबा’ वाळू लागला तर सुनेच्या हातून आपोआप कळशीभर पाणी पडतं.

राजस्थानातल्या पिपलांत्री गावचे तेव्हाचे सरपंच श्यामसुंदर पालीवाल यांची किरण नावाची लाडकी लेक गेली. त्या दुःखातून त्यांनी गावात प्रथा सुरू केली, की मुलगी जन्माला आली की १११ झाडं लावायची. एका बापाच्या दुःखाने सगळ्या गावाला सावली दिली. कच्छमध्ये २००१च्या भूकंपात गेलेल्यांसाठी भूजच्या भुजिया डोंगरावर स्मृतिवन उभं राहिलं, ते २०२२ मध्ये खुलं झालं. पण त्यामागे सरकारी बळ आहे. आपल्याला हवी आहे ती चार बायकांना जमेल अशी बाग.

तर पहिला प्रश्न जागेचा. अपघात जिथे झाला तिथेच बाग करावी असं मन म्हणतं. पण जरा थांबून विचार करा. बागेला पाणी घालायला कोण जाणार? तीच आई, तीच बायको. हातात बादली घेऊन ती वाहत्या रस्त्याच्या कडेला, तेही अपघाताच्या वळणावर उभी राहणार! एक जीव गेलाय, दुसरा धोक्यात घालायचा नाही. म्हणून जागा वळणापासून दूर, रस्त्यापासून चांगली आत, जिथे घटकाभर बसताही येईल अशी बघा. एसटी थांब्याच्या मागे, शाळेच्या गडग्यालगत, गावात शिरणाऱ्या वाटेवर. वळणाजवळच हवी असेल तर तिथे गुडघ्याएवढीच झुडपं लावा. समोरून येणारी गाडी झाडोऱ्याआड लपली तर आपली बागच अपघाताला कारण ठरेल.

दुसरी गोष्ट, विचारल्याशिवाय खड्डा मारू नका. गावातला रस्ता असेल तर ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत, मोठा रस्ता असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ‘इथे रुंदीकरण होणार आहे का?’ हे आवर्जून विचारा. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात आपल्या जिल्ह्यातली किती जुनी, डेरेदार झाडं गेली, ते आपण पाहिलंच आहे. आधी माणूस गेलं आणि दहा वर्षांनी त्याच्या नावाचं झाडही गेलं, असं दुखणं कुणाच्या वाट्याला येऊ नये.

झाडं कुठली लावावीत? आपल्याकडे खारा वारा. त्यात बकुळ, म्हणजे आपली ओवळ, छान तग धरते. बारमाही हिरवी, सावली दाट आणि फुलांचे वळेसर करायला पोरीबाळी आपसूक जमतात. किनाऱ्याजवळ उंडी चांगली, करंजही येतो. आंबा, जांभूळ लावायचे तर रस्त्यापासून बरेच आत, नाहीतर फळं वेचायला मुलं रस्त्यावर धावतील. गुलमोहर दिसतो सुंदर, पण फांद्या ठिसूळ. १६ मे २०२१ च्या तौक्ते वादळात मालवणात झाडं कशी कोसळली, ते आपण विसरलेलो नाही. खाली तगर, जास्वंद, अबोली. कण्हेरीला गुरं तोंड लावत नाहीत हे खरं, पण ती विषारी, त्यामुळे लहान मुलं खेळतात तिथे नकोच.

खड्डा दोन फूट लांब, रुंद आणि खोल. त्यात शेणखत, माती आणि कुजलेला पातेरा. काही घरांत रक्षा नदीत न सोडता झाडाच्या खड्ड्यात घालतात. चांगलंच आहे, पण मूठ-दोन मूठ पुरे आणि तीही मातीत नीट मिसळून. राख क्षारयुक्त असते, जास्त झाली तर रोप जळतं.

आता खरी परीक्षा. आपल्याकडे पाऊस धो धो, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. पण दिवाळी सरली की जांभ्याची जमीन तव्यासारखी तापायला लागते. आमच्याकडची एखादी आजी सांगेल, “गो, झाड लावूक येक दीस पुरे, जगवूक तीन उन्हाळे होये.” म्हणून रोपाशेजारी मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा. त्याच्या बुडाला बारीक भोक पाडून कापडाची वात घाला. तीन-चार दिवसांनी एकदा भरलं की ओल टिकते. बुंध्याशी पातेऱ्याचा थर आणि भोवती चिऱ्यांचा गडगा, म्हणजे गुरांची भीती नाही. महिला मंडळाने किंवा बचत गटाने वार लावून घेतले तर एकटीवर भार पडत नाही. शिवाय त्या निमित्ताने चौघीजणी तिच्यासोबत बसतात, तिला बोलतं करतात. घरात ज्याचं नाव काढायला सगळे कचरतात, त्याच्याविषयी तिथे मोकळेपणाने बोलता येतं.

एक गोष्ट मात्र माझ्या मनात पक्की आहे. पहिलं रोप गेलेल्याच्या पत्नीच्या हातून लावून घ्या. आपल्याकडे फोटोला हार पुढाऱ्याने घालायचा, नारळ सरपंचांनी फोडायचा आणि जिचं सर्वस्व गेलं ती मागे भिंतीशी उभी! कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. ठराव कागदावर राहू द्यायचा नसेल तर तो अशा प्रसंगी वागण्यात दिसायला हवा. तिच्या हाताला माती लागू दे. मोठा फलक नको, एका चिऱ्यावर त्याचं नाव आणि साल, एवढं पुरे.

तुमच्या गावात असं घर असेल तर मृगाची वाट पाहत बसू नका. आधी त्या घरी जाऊन या. त्या माऊलीला काय हवंय ते तिलाच विचारा. तिला अजून नको असेल तर थांबा. ती ‘हो’ म्हणाली, की अर्ज लिहा, सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत कमरेएवढी रोपं मिळतात का बघा आणि पुढच्या तीन उन्हाळ्यांचे पाण्याचे वार आजच वहीत लिहून काढा. वारांपुढे नावं भरली गेली, तरच खड्डा खणा.