जठराच्या ऑपरेशननंतरचं आयुष्य

जठराची भिंत जेमतेम चार-पाच मिलिमीटर जाड असते. तेवढ्यात चार थर: आतलं श्लेष्मल अस्तर, त्याखालचा मऊ थर, मग स्नायू आणि सगळ्यात बाहेर पातळ आवरण. कॅन्सर पहिल्या दोन थरांपुरताच असेल तर तो प्रारंभिक अवस्थेतला. जपानी एन्डोस्कोपीतज्ज्ञांनी 1962 साली केलेली ही व्याख्या आज जगभर मान्य आहे. गाठ पोटात किती महिने होती याचा तिच्यात विचार नाही. ती किती खोल गेली एवढंच बघायचं. जपानमध्ये अशा रुग्णांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जण ऑपरेशननंतर पाच वर्षांचा टप्पा ओलांडतात. गाठ बाहेरच्या आवरणापर्यंत पोचली की हा आकडा झपाट्याने खाली येतो.

आपल्याकडे मात्र पहिल्या दोन थरांत रोग सापडणारे रुग्ण थोडेच. मुळात महाराष्ट्रात जठराचा कॅन्सर कमी आहे. देशात मिझोरामचं प्रमाण सर्वाधिक. त्यामुळे दक्षिण कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी तपासणी होते, तशी सरसकट मोहीम इथे राबवणं शहाणपणाचं नाही. मग उरतो तो रुग्णाचा स्वतःचा संशय, आणि तोच आपण गोळ्यांनी दाबून टाकतो. निफाड-दिंडोरीकडे दिवाळीच्या आसपास द्राक्षाची गोडी छाटणी चालू असते. पन्नाशीतल्या बागाईतदाराला आयुष्यात पहिल्यांदाच जळजळ सुरू होते, चार घासांत पोट भरतं, पट्टा एक भोक आत जातो. मेडिकलमधून पॅन्टोप्राझोलची पट्टी येते, बरं वाटतं, आणि ‘छाटणी उरकली की बघू’ म्हणत दुखणं अंगावर काढलं जातं. या गोळ्यांनी कॅन्सरचा व्रणही काही काळ वरवर भरून येऊ शकतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. चाळिशी-पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली अ‍ॅसिडिटी, घटणारं वजन, काळी शौच, कारण न सापडलेला अशक्तपणा यांतलं काही असेल तर आधी दुर्बिणीची तपासणी, मग गोळ्या. ऑपरेशननंतर किती वर्षं मिळणार याचा मोठा भाग इथेच ठरतो, असं माझं ठाम मत आहे.

खोलीनंतर महत्त्वाच्या लसीका ग्रंथी. जपानमधल्या दोन मोठ्या केंद्रांनी प्रारंभिक कॅन्सरसाठी ऑपरेशन झालेल्या 5,265 रुग्णांचे तपशील 2000 साली प्रसिद्ध केले. रोग आतल्या अस्तरातच असलेल्यांपैकी सुमारे 2 टक्के जणांच्या ग्रंथींत तो पसरला होता. दुसऱ्या थरात उतरलेल्यांत हे प्रमाण जवळपास 18 टक्के. म्हणजे एक थर ओलांडला की धोका आठ-नऊपट. म्हणूनच अस्तरातली, लहान, पेशींची ठेवण फारशी न बिघडलेली गाठ तिकडे पोट न उघडता दुर्बिणीतूनच सोलून काढतात. बाकीच्यांचं जठर अर्धं किंवा पूर्ण काढावं लागतं, आजूबाजूच्या ग्रंथींसकट.

या ग्रंथी शोधण्याचं काम बहुतेक नातेवाइकांना दिसतही नाही. काढलेलं जठर उभं चिरून, पसरून, टाचण्या लावून फॉर्मेलिनमध्ये ठेवतात. मग पॅथॉलॉजिस्ट भोवतालची पिवळी चरबी बोटांनी चाचपत मसुरीच्या दाण्याएवढ्या ग्रंथी एकेक करून वेगळ्या काढतो. किमान पंधरा-सोळा तरी तपासायला हव्यात. पाचच पाहिल्या आणि पाचही निर्दोष निघाल्या, तर ती खात्री अर्धवट. रिपोर्ट हातात आला की ‘डॉक्टर, ग्रंथी किती तपासल्या?’ हे जरूर विचारा. शिवाय कडा मोकळ्या आहेत का, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत पेशी शिरल्या आहेत का, हेही त्याच कागदावर असतं. पुढे किमो लागणार की नाही ते त्यावरून ठरतं.

ग्रंथी किती दूरपर्यंत काढायच्या यावर हॉलंडमध्ये मोठा अभ्यास झाला. पंधरा वर्षांनंतर पाहिलं तेव्हा, कमी ग्रंथी काढलेल्यांपैकी 48 टक्के जण या कॅन्सरने गेले होते, विस्तृत ऑपरेशन झालेल्यांपैकी 37 टक्के. पण त्याच अभ्यासात विस्तृत ऑपरेशनच्या धक्क्याने दगावलेले सुमारे 10 टक्के होते, साध्यात 4. त्यामुळे असं ऑपरेशन नेहमी करणाऱ्या हातांकडेच जावं. पूर्वी त्यासाठी नाशिककर पंचवटी एक्स्प्रेसने दादर गाठून परळच्या टाटा रुग्णालयात जात. आता नाशिकमध्येच मुंबई नाक्यावरचं मानवता, पेठ रोडवरचं नामको, शालिमारचं संदर्भ सेवा रुग्णालय इथे कॅन्सरवर उपचार होतात, आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरच्या ऑपरेशनांचा समावेश आहे. सुरगाणा-पेठच्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे.

प्रारंभिक अवस्थेतल्या रुग्णांबाबत जपानी नोंदींतून आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. ऑपरेशननंतरच्या वर्षांत यांतले बरेच जण कॅन्सर उलटल्याने जात नाहीत. ते जातात हृदयविकाराने, न्यूमोनियाने किंवा दुसऱ्याच अवयवाच्या कॅन्सरने. वय, मधुमेह, फुप्फुसांची ताकद, अंगावरचं मांस यांचं वजन इथे गाठीइतकंच भरतं. म्हणून ऑपरेशनच्या आधीच विडी-सिगारेट बंद, रोज चालणं, प्रथिनांचा आहार आणि तीन चेंडूंच्या यंत्रातून श्वास ओढण्याचा सराव सुरू करायला सांगतात. ते चेंडू वर उचलताना दमछाक होते, बरेच जण यंत्र उशाशी ठेवून देतात. घरच्यांनी तिथे जरा हट्ट धरावा.

जठराचा काही भाग राहिला असेल तर हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणी राहून जाऊ नये. तो शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांना 2005 चं नोबेल मिळालं. कोरियात दुर्बिणीतून गाठ काढलेल्या रुग्णांना या जंतूवर औषध दिलं, तेव्हा नव्याने कॅन्सर होण्याचं प्रमाण 13.4 टक्क्यांवरून 7.2 टक्क्यांवर आलं.

मग ताट. जठर नसलं की अन्न थेट आतड्यात उतरतं. भरपेट गोड खाल्लं तर पंधरा-वीस मिनिटांत घाम, धडधड, पोटात मुरडा. कधी दोन तासांनी साखर उतरून डोळ्यांपुढे अंधारी. फराळाच्या दिवसांत ‘घ्या ना काका, एकच करंजी’ हा आग्रह अशा माणसाला करू नये. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं, नीट चावून. अंडं, पनीर, मऊ खिचडी, डाळीचं घट्ट वरण. पाणी जेवणाबरोबर नको, अर्धा तास मागेपुढे. पहिल्या काही महिन्यांत वजन दहा टक्के किंवा त्याहूनही जास्त उतरू शकतं. त्यामुळे वजनकाटा घरात असावा आणि दर आठवड्याचा आकडा लिहून ठेवावा.

पूर्ण जठर काढलेल्यांना बी-12 जन्मभर बाहेरून घ्यावं लागतं, कारण ते शोषून घ्यायला लागणारा घटक जठरातच तयार होतो. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, पण शाकाहारी घरांत तो आधीच तुटपुंजा असतो. लोह आणि हाडांची घनताही तपासत राहावी लागते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी पायांना मुंग्या येऊ लागल्या, चालताना तोल जाऊ लागला, की रोग परतला या धसक्याने घर हादरतं. डॉक्टरांकडे जावंच, पण जाताना बी-12 चं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ती तारीख फाइलमधून काढून सोबत न्यावी.