नंदाखालची गाडी आणि तांगलांग ला : उंचावरील मोटर रॅलीची तयारी

वायुदाबाचा धडा आपण वर्गात शिकतो, प्रश्नोत्तरे लिहितो आणि पुढे जातो. हाच धडा आज रस्त्यावर नेऊया, आणि रस्ताही साधासुधा नाही. हिमालयातल्या मोटर रॅलीचा.

आपल्याकडे 1980च्या दशकात हिमालयन कार रॅली भरत असे. मुंबईचे नझीर हुसेन यांचा तिच्यामागे मोठा पुढाकार होता. पुढे 1999 मध्ये हिमालयन मोटरस्पोर्ट असोसिएशनने ‘रेड दे हिमालय’ सुरू केली. ऑक्टोबरच्या गारठ्यात हिमाचल, स्पिती, लडाख अशा भागांतून ती अनेक वर्षे धावली. मनालीचे सुरेश राणा ती अनेकदा जिंकले. अशा रॅलीत उतरायचं असेल, किंवा निदान दुचाकीवरून लेहला जायचं असेल (हे स्वप्न वसई-विरारच्या प्रत्येक गल्लीत दोघांना तरी पडतंच), तर तयारी कशी करावी?

आधी आपण कुठे राहतो ते बघा. नंदाखाल, आगाशी, अर्नाळा हा सगळा पट्टा जवळजवळ समुद्रसपाटीला. महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई, उंची 1,646 मीटर. आणि मनाली गाव, जिथून चढ खऱ्या अर्थाने सुरू होतो, तेच 2,050 मीटरवर आहे. मनाली-लेह रस्त्यावरची तांगलांग ला ही खिंड तर 5,300 मीटरच्या वर. म्हणजे आपल्या राज्यात कुठेही गेलात तरी त्या उंचीचा सराव करता येत नाही. सह्याद्रीतले घाट वळणं शिकवतील, उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनानेच वेग आवरायला शिकवतील. विरळ हवा मात्र शिकवणार नाहीत.

विरळ म्हणजे किती? हवेत ऑक्सिजनचं प्रमाण वरही 21 टक्केच असतं. बदलतो तो दाब. 5,300 मीटरवर वायुदाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा होतो. म्हणजे त्याच एका श्वासात ऑक्सिजनही निम्मा. आणि हे फक्त तुमच्या छातीपुरतं नाही, बरं का. इंजिनही श्वासच घेतं. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद तिथे निम्म्याच्या आसपास येते. खाली घाट हसत चढणारी गाडी वर पहिल्या गिअरमध्येही कुंथते.

कार्बोरेटर असलेल्या जुन्या दुचाकीचं आणखी वेगळं दुखणं. मेन जेटचं भोक ठरलेल्या मापाचं असतं. हवा कमी झाली तरी पेट्रोल फारसं कमी होत नाही. मग मिश्रणात पेट्रोल जास्त होतं, धूर काळा येतो, प्लगवर काजळी धरते आणि गाडी ओढतच नाही. उपाय म्हणजे लहान भोकाचा जेट सोबत नेणे आणि तो बदलायला आधीच शिकून घेणे. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत दाब मोजणारा सेन्सर असतो, तो पेट्रोल आपोआप कमी करतो. पण गेलेली ताकद तोही परत आणत नाही.

आता टायरचं गणित. विज्ञानाच्या मुलांनी हे वहीत करून पाहावं. नंदाखालला 30 अंश तापमानात टायरमध्ये 32 पीएसआय हवा भरली. गेज बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त दाब आहे तेवढंच दाखवतो, म्हणून खरा दाब 32 अधिक 14.7, म्हणजे 46.7. खिंडीत बाहेरचा दाब साधारण 7.5 उरतो. तापमान तेच राहिलं असतं तर गेजवर 39 दिसले असते. वेफर्सचं पाकीट वर फुगतं ना, तसंच. पण तिथे तापमान शून्य अंश. थंडीने आतली हवा आकसते, 46.7 चे सुमारे 42 होतात, आणि गेजवर दिसतात 34 ते 35. म्हणून खिंडीत थांबून घाईने हवा सोडणारे खाली उतरल्यावर पस्तावतात. दाब तपासायचा तो रोज सकाळी, टायर थंड असताना, मुक्कामाच्या ठिकाणी.

पाणी त्या उंचीवर 82-83 अंशांनाच उकळतं, म्हणून तिथे डाळ शिजायला कुकर लागतोच. गाडीचा रेडिएटर म्हणजे एक कुकरच. झाकणाचं रबर ढिलं असेल तर वाफ निघून जाते आणि इंजिन तापतं. झाकण नवं घ्या, किरकोळ खर्च आहे. रात्री उलटा धोका. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं आणि इंजिनाला तडा देऊ शकतं. म्हणून नळाचं पाणी नाही. शुद्ध पाणी आणि ग्लायकॉलचं कूलंट निम्मं-निम्मं घेतलं तर ते उणे 35 अंशांच्या आसपासही टिकतं. डिझेल गाडीवाल्यांनी लक्षात ठेवावं की साधं डिझेल कडक थंडीत मेणासारखं घट्ट होऊ लागतं. लडाखसाठी वेगळं हिवाळी डिझेल 2019 मध्ये आलं ते याचसाठी.

एक गोष्ट खास आपल्या किनाऱ्याची. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसाळ्यानंतर त्यात पाण्याचा अंश वाढलेला असू शकतो. लांब उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि ब्रेक पेडल भुसभुशीत लागतं. म्हणून निघण्यापूर्वी ब्रेक ऑइल पूर्ण बदलून घ्या. खाऱ्या हवेने बॅटरीच्या टोकांवर आलेला गंजही घासून काढा. थंडीत बॅटरीची ताकद आधीच घटते.

रॅली म्हणजे नुसता वेग, असं पुष्कळांना वाटतं. ठरलेल्या सरासरीने चालण्याच्या प्रकारात लवकर पोहोचलात तरी दंड असतो. शेजारी बसलेला नेव्हिगेटर रोडबुक वाचतो आणि सतत हिशेब करतो. सरासरी 42 किलोमीटर, अंतर साडेसतरा किलोमीटर, तर वेळ किती? पंचवीस मिनिटं. घरी हे दोन सेकंदांत जमतं. ऑक्सिजन कमी झाल्यावर हाच हिशेब दोनदा चुकतो. सराव मात्र इथेच करता येतो. रविवारी पहाटे नंदाखाल-आगाशी-अर्नाळा रस्त्यावर ताशी 24 किलोमीटरची सरासरी धरून बघा. म्हशी, मासळीच्या गाड्या, चर्चला निघालेली माणसं, सगळं सांभाळून. कमी वेगातच खरी परीक्षा आहे.

आणि आता शरीर. याला मी सर्वात जास्त वजन देते. मुलं दिवे, सायलेन्सर, स्टिकर यांवर पैसे घालतात आणि सुट्टीचे दिवस मात्र वाचवतात. माझ्या मते ही उलटी काटकसर झाली. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच राहावं, असा साधा नियम आहे. मनालीहून निघून त्याच रात्री सरचूला झोपणारा 2,050 वरून 4,200 मीटरच्या पुढे जातो. त्यापेक्षा श्रीनगर, कारगिल असे टप्पे घेत लेह गाठणं बरं. चढ हळूहळू येतो. रॅली मनालीहून सुटणार असेल तर आधी काही रात्री केलाँगला काढाव्यात.

रोज पाच किलोमीटर धावणाऱ्यालाही उंचीचा त्रास होतो, तंदुरुस्ती इथे ढाल होत नाही. डोकेदुखी, मळमळ, चक्कर ही पहिली खूण. तेव्हा आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप, खोकल्यात गुलाबी फेस, बोलण्यात गोंधळ, किंवा टाचेला बोट लावून सरळ रेषेत चालता न येणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच क्षणी खाली उतरायचं, रात्र असली तरी. गोळ्या घ्याव्यात की नाही हे डॉक्टरांना निघण्यापूर्वी विचारा.

अडचण अशी की मेंदूलाच ऑक्सिजन कमी पडलेला असतो, त्यामुळे आजारी माणूस ‘मी बरा आहे’ असंच म्हणतो. शिवाय वर्षभर जमवलेले पैसे आणि घरच्यांशी घातलेला वाद त्याच्या डोळ्यांसमोर असतो. म्हणून हा निर्णय आजाऱ्याकडे ठेवायचा नाही. निघण्यापूर्वीच दोघांनी ठरवून घ्यायचं, शक्य तर घरच्यांसमोर, की एकाने ‘उतरायचं’ म्हटलं तर दुसरा वाद घालणार नाही.

परतीची एक आठवण. खिंडीसाठी बसवलेला लहान जेट खाली आल्यावर बदला. भरपूर हवेत पेट्रोल अपुरं पडलं तर इंजिन तापतं आणि पिस्टनला भोक पडू शकतं. मनालीला उतरलात की मूळ जेट बसवा, मगच नंदाखालचा रस्ता धरा.