सहाशे अंशांचा धूर आणि पस्तीस अंशांची पाती

पाचशे चौरस फुटांचा फ्लॅट डोळ्यांपुढे आणा. त्यातली सगळी हवा साधारण १३५ घनमीटर भरते. गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलच्या वीज केंद्रातलं एक गॅस टर्बाइन पूर्ण भारावर असे चार फ्लॅट दर सेकंदाला रिकामे करतं. दर सेकंदाला सुमारे ६४० किलो हवा! जीई कंपनीच्या ९एफए जातीची अशी सहा टर्बाइन्स तिथे आहेत, आणि केंद्राची एकूण क्षमता आहे १,९६७ मेगावॅट.

आत शिरलेली हवा कॉम्प्रेसर पंधरापट दाबतो. मग गॅस पेटतो आणि तापमान १,३०० अंश सेल्सिअसच्या घरात जातं. एवढ्या उष्णतेत निकेलच्या मिश्रधातूची पातीही टिकणार नाहीत, म्हणून त्यांच्या पोटातून थंड हवा खेळवावी लागते. रोटर मिनिटाला ३,००० फेरे घेतो. अडीच मीटर व्यासाचं चाक धरलं, तरी त्याची कड ध्वनीपेक्षा जास्त वेगाने धावते. आणि टर्बाइन जेवढी ताकद निर्माण करतं, त्यातली निम्मी त्याचा स्वतःचा कॉम्प्रेसरच खातो. आपल्या वाट्याला येते ती उरलेली.

बाहेर पडणारा धूर तरीही ६०० अंशांचा असतो. तो १०० अंशांपर्यंत निववला तर एका टर्बाइनमागे सुमारे ३५० मेगावॅट उष्णता हाती लागते. गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीतल्या सगळ्या पाण्याची आठ सेकंदांत वाफ करायला ती पुरेल. ही उष्णता काय करू शकते, ते महानिर्मितीचं उरणचं केंद्र दाखवतं. तिथे १०८ मेगावॅटची चार गॅस टर्बाइन्स मिळून ४३२ मेगावॅट देतात. त्यांच्या धुरावर चालणारे १२० मेगावॅटचे दोन वाफेचे संच आणखी २४०. एकूण ६७२. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वीज नव्याने थेंबभरही इंधन न जाळता. मला हा आकडा राज्यातल्या वीजनिर्मितीतला सगळ्यात देखणा आकडा वाटतो.

पण हे सगळं पूर्ण भारावरचं. २०१५ च्या नोव्हेंबरात रेल्वेने अंजनवेलची ५०० मेगावॅट वीज घ्यायला सुरुवात केली. तिथल्या एका ब्लॉकची, म्हणजे गॅस टर्बाइन्स आणि त्यांच्या धुरावर चालणारा वाफेचा संच मिळून होणाऱ्या गटाची, क्षमता साडेसहाशेच्या आसपास, म्हणजे ही मागणी एका ब्लॉकच्याही पाऊण हिश्श्याएवढी. मागणी कमी झाली म्हणून नुसता गॅस कमी केला, तर हवा तेवढीच राहते, धूर गार पडतो आणि त्यावर तापणाऱ्या मागच्या बॉयलरमधली वाफ मलूल होते. म्हणून कॉम्प्रेसरच्या तोंडाशी कोन बदलणाऱ्या पात्यांची एक रांग बसवलेली असते. या मार्गदर्शक पात्यांची हालचाल जेमतेम तीस-पस्तीस अंशांची. ती मिटत आली की हवा तीस टक्क्यांपर्यंत कमी होते आणि धूर मात्र सहाशेच्या आसपास तापलेलाच राहतो.

हिशेब करून बघा. तीस टक्के म्हणजे सेकंदाला १९० किलो हवा. ती विनाकारण आत घेतली, तर ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापून चिमणीतून निघून जाणार, आणि जाताना सोबत १३ मेगावॅट उष्णता नेणार. तीही एकाच टर्बाइनमागे.

पाती किती मिटायची हे ठरवणं नाजूक काम आहे. ज्वलनकक्षातून निघणाऱ्या १,३०० अंशांच्या वायूत तापमापक टिकत नाही. त्यामुळे नियंत्रणयंत्रणा बाहेरच्या धुराचं तापमान आणि कॉम्प्रेसरचा दाब पाहून आतलं तापमान गणिताने काढते आणि त्यावरून पाती आणि गॅस दोन्ही हलवते. पाती फार मिटली तर दाब घटतो, टर्बाइनमध्ये वायू पुरेसा निवत नाही, आणि धूर उलट इतका तापतो की मागच्या पोलादाला धोका. भार त्याहून खाली गेला तर ज्योतच नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. निम्म्या भाराच्या खाली हा उपाय फारसा चालत नाही.

दुपारी सौर वीज भरपूर आणि संध्याकाळी मागणी एकदम वर, हा खेळ दरवर्षी वाढतो आहे. गॅसची केंद्रं आता पूर्ण भारावर कमी आणि अर्ध्या-पाऊण भारावर जास्त चालतील. तेव्हा कुठल्याही केंद्राची पूर्ण भारावरची कार्यक्षमता कुणी अभिमानाने सांगितली, तर साठ टक्के भारावरची किती, हे जरूर विचारा. गॅसचं बिल त्याच आकड्यावर ठरतं.