नीट दिसतंय, तरीही पडदा तपासा

मधुमेह असलेल्यांना डोळे तपासले का, असं विचारलं की बहुतेकदा उत्तर येतं, ‘हो, नंबर काढला ना चष्म्याचा.’ पण नंबर काढणं म्हणजे पडदा तपासणं नव्हे, आणि मधुमेह घाव घालतो तो पडद्यावरच.

साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की पडद्यातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या कमकुवत होतात. त्यांना आधार देणाऱ्या पेशी मरतात, भिंतींना जागोजागी फुगे येतात आणि त्यातून रक्त, पाणी, चरबी झिरपू लागते. काही वाहिन्या बंदच पडतात. प्राणवायूला मुकलेला पडदा मग ‘व्हीईजीएफ’ हे प्रथिन सोडतो आणि नव्या वाहिन्या उगवतात. त्या इतक्या नाजूक, की सहज फुटतात आणि डोळ्यात रक्त उतरतं. त्यांच्याबरोबर वाढलेले तंतू आकसले, तर पडदा ओढला जाऊन सुटतो. हे सगळं चालू असताना डोळा दुखत नाही. पडद्याच्या मध्यभागी सूज येईपर्यंत किंवा रक्तस्राव होईपर्यंत वाचताही येतं, गाडीही चालवता येते. मला या आजाराची सर्वात जास्त भीती वाटते ती यामुळेच.

उपचाराचं मूळ एका ग्रहणात आहे. ९ जुलै १९४५ चं सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहिलेल्या एका विद्यार्थ्याच्या पडद्यावरचा भाजल्याचा डाग जर्मन डॉक्टर गेर्ड मायर-श्विकेराथ यांनी पाहिला. प्रकाशानं असंच, पण मोजूनमापून भाजून उपचार करता येतील, हे त्यांना सुचलं. पुढे लेसर आला. गंभीर दृष्टिनाशाचा धोका लेसरमुळे निम्म्याहून कमी होतो, हे १९७६ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीनं दाखवलं. मात्र लेसर उरलेली नजर राखतो, गेलेली सहसा परत आणत नाही. सूज असेल तर व्हीईजीएफ रोखणाऱ्या इंजेक्शनांनी काही रुग्णांची नजर सुधारते, तीही वेळेत आल्यास.

पडद्यावर डाग आढळले, तर लघवीतलं अल्ब्युमिनही तपासून घ्या. मूत्रपिंडातल्या सूक्ष्म वाहिन्यांचंही असंच नुकसान होत असतं. साखरेइतकाच रक्तदाबही आटोक्यात हवा.

टाइप २ मधुमेहाचं निदान होताच पडदा तपासावा आणि पुढे साधारण दरवर्षी. थेंब घालून बाहुली मोठी करतात, त्यामुळे काही तास अंधूक दिसतं. त्या दिवशी गाडी चालवू नका, घरच्या कुणाला तरी सोबत न्या. पण तपासणी पुढे ढकलू नका.