परण्यातली पोलिश चाल

बीड जिल्ह्यात लग्नसराईला जोर चढतो तो ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवरून परतल्यावर. उन्हं कलली की नवरदेवाचा परण्या, म्हणजे मिरवणूक, मारुतीच्या देवळाकडे निघतो. पुढे बँड : लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, हातात पितळी ट्रम्पेट, मागे ढकलगाडीवर कॅसिओ आणि कर्णे. डीजेने या मंडळींचं बरंच काम हिरावलं, तरी परण्याला बँडच हवा म्हणणारी घरं अजून आहेत.

अशा बँडकडे जुन्या गाण्यांची फर्माईश झाली आणि ‘मधुमती’तलं ‘दिल तडप तडप के’ वाजलं, तर परण्यापुढे नाचणारी पोरं पोलंडच्या लोकगीतावर नाचत असतात. सायलेशिया प्रांतातलं हे गाणं : रानात निघालेल्या मुलीला वाटेत एक देखणा शिकारी भेटतो. बिमल रॉय यांच्या १९५८ सालच्या चित्रपटात ही चाल आणली सलील चौधरींनी. त्यांचं बालपण आसामच्या चहामळ्यात गेलं. वडील तिथे डॉक्टर. एका आयरिश डॉक्टरच्या पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या त्या घरी आल्या होत्या आणि त्यांवर सलीलदांचा कान घडला. शैलेंद्रांचे शब्द, मुकेश आणि लतादीदींचे आवाज. सायलेशियाची मुलगी चित्रपटातल्या कुमाऊँच्या डोंगरात पोचली ती अशी.

बँडमास्तरला चालीचं मूळ विचारलं, तर तो चित्रपटाचं नाव सांगेल. मला यात काही कमीपणा वाटत नाही. चाल ज्या दारातून आली तेच दार तो दाखवतो. शिवाय ती त्याच्या वाद्याला मानवते. ट्रम्पेटला तीन खटके. मींड काढायची तर ओठांची कसरत. शुद्ध स्वरांतून उड्या मारत जाणारी चाल मात्र भर रस्त्यात, चालता चालता, सहज निघते. पलटणीच्या बँडसाठीच ही वाद्यं घडली. ती आपल्याकडे बनवणारी मेरठची नादिर अली अँड कंपनी १८८५ पासूनची.

पण मराठी माणसाचा या सुरांशी संबंध सिनेमाच्या कितीतरी आधीचा. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी दरबारी पाश्चात्त्य बँड ठेवला होता. त्याच काळात, तंजावरच्याच मुलखात तिरुवारूरला जन्मलेले मुथुस्वामी दीक्षितर मद्रासेजवळ मणलीला राहत असताना फोर्ट सेंट जॉर्जमधला गोऱ्यांचा बँड ऐकत होते. धाकटे बंधू बालुस्वामी व्हायोलिन शिकले. मुथुस्वामींनी त्या बँडच्या चालींवर संस्कृत शब्द बसवले. ‘नोट्टुस्वर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या रचना चाळिसाच्या आसपास आहेत, सगळ्या शंकराभरणात, म्हणजे आपल्या बिलावल थाटाच्या सुरांत. ‘वंदे मीनाक्षी’ ही आयरिश चाल. ‘संततं पाहि माम्’ तर चक्क इंग्रजांच्या राष्ट्रगीताची. राजाच्या दीर्घायुष्याची प्रार्थना देवीपुढे रुजू झाली, आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही!

मूळ शोधताना ‘लोकगीत’ या शिक्क्यावर फार विसंबू नये. ‘सात खून माफ’ चित्रपटातल्या ‘डार्लिंग’ गाण्याची चाल ज्या ‘कालिंका’वरून घेतली, त्याला सर्रास रशियन लोकगीत म्हणतात. ते १८६० साली इव्हान लारिओनोव्ह नावाच्या संगीतकाराने रचलं. गाणं इतकं पसरलं की कर्ताच मागे पडला.

बाहेरून आलेल्या चालींची उलट बाजूही बीडमध्येच आहे. गी पॉइत्व्हँ हे फ्रेंच अभ्यासक आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी पुण्याहून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. महाराष्ट्राच्या गावोगावच्या, लाखाहून अधिक. संगणक आणि संगीत दोन्हींतले जाणकार बर्नार्ड बेल त्यांच्याबरोबर होते. १९९६ साली ही मंडळी माजलगाव तालुक्यात आली. माजलगावच्या भीमनगरात त्यांनी बायकांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. भीमनगरच्या ओव्यांत बाबासाहेब आहेत, रमाई आहे. बायका चालीला गळा म्हणतात. एकाच गळ्यात कितीतरी ओव्या बसतात. जात्याचा फेरा चालू असेतो शब्द बदलत राहतात. तो गळा आईकडून, आजीकडून, सासरच्या बायकांकडून आलेला. त्यामागे चित्रपट नाही, तबकडी नाही, स्वरलिपीचा कागद नाही.

हा संग्रह आता ‘परी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकता येतो. तिथे ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा नोंदलेला आहे. सायलेशियातल्या त्या चालीला एवढा पत्ता नाही.