ग्लुकोजच्या आधी बी-1

तारापूर एमआयडीसीतल्या कामगारांची पुष्कळ बिऱ्हाडं बोईसरच्या आसपास चाळींतून राहतात. नवरा शिफ्टला, सासू नि आई दूर गावी आणि खोलीत नुकतेच दिवस गेलेली बाई एकटी. उलट्या सुरू झाल्या की शेजारणी धीर देतात, पहिले तीन महिने असं चालायचंच. बहुतेकींच्या बाबतीत ते खरंही ठरतं. पण शंभरात एखाद-दुसरीच्या पोटात पाण्याचा घोटही टिकत नाही.

आठवडे असे गेल्यावर ती दवाखान्यात येते. नातेवाइकांची मागणी ठरलेली असते: ‘ग्लुकोजची बाटली लावा, ताकद येईल.’ खरा धोका इथे आहे.

शरीरात बी-1 जीवनसत्त्वाचा, म्हणजे थायमिनचा, साठा असतो जेमतेम 30 मिलिग्रॅम. अन्न बंद झालं की तो दोन-तीन आठवड्यांत संपतो. साखरेपासून ऊर्जा करायला मेंदूला थायमिन लागतंच. साठा आटलेला असताना शिरेतून नुसती साखर गेली, तर उरलंसुरलंही खर्ची पडतं आणि मेंदूचे काही नाजूक भाग सुजतात. जर्मन डॉक्टर कार्ल वर्निके यांनी 1881 मध्ये या विकाराचे तीन रुग्ण नोंदवले. दोघे दारूडे होते. तिसरी होती शिवणकाम करणारी तरुणी. गंधकाम्ल प्यायल्यानंतर तिच्या उलट्या थांबत नव्हत्या. हा आजार दारूचाच समजला जातो, म्हणून ही तिसरी रुग्ण मुद्दाम लक्षात ठेवायला हवी.

जाणती सिस्टर आधी विचारते, किती दिवस झाले? मग कार्डावरचं जुनं वजन बघते. लघवीत पट्टी बुडवते. कीटोन असले तर पट्टीवरचा चौकोन जांभळा होत जातो. बाईच्या डोळ्यांसमोर बोट धरून सावकाश डावीकडे-उजवीकडे नेलं जातं. बुबुळं थरथरतात का? एकाची दोन दिसतात का? उठवून चार पावलं चालवतात. झोक जातो का, आज वार कोणता ते सांगता येतं का, हे पाहतात. डोळे, चाल आणि भान ही तिन्ही लक्षणं एकत्र थोड्याच रुग्णांत दिसतात, म्हणून त्यांची वाट पाहायची नसते. रक्ताच्या रिपोर्टचीही नाही. आधी थायमिन, सोबत मिठाचं सलाईन आणि पोटॅशियम; ग्लुकोज लागलंच तर नंतर. शंका पक्की असेल तर थायमिन 200 ते 500 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, शिरेतून. मुंबई शंभरेक किलोमीटरवर आहे. एमआरआयसाठी पुढे पाठवायचं झालं तरी पहिला डोस इथेच द्यायला हवा.

बोईसर ज्या पालघर जिल्ह्यात आहे, तिथलं मुख्य अन्न भात. इथल्या वाडा कोलम तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण तांदूळ कोणताही असो, पांढराशुभ्र होईस्तोवर पॉलिश केला की कोंड्याबरोबर बी-1 निघून जातं. उकड्या तांदळात ते बरंच टिकतं. जावा बेटावर डच डॉक्टर आइकमान यांनी पॉलिशच्या तांदळावरच्या कोंबड्या लुळ्या पडताना पाहिल्या, आणि त्या शोधासाठी त्यांना 1929 मध्ये नोबेल मिळालं. आदिवासी भागात अमृत आहार योजनेचं एक वेळचं जेवण गरोदर बाईला अंगणवाडीत मिळतं. ते जेवण उलटून पडत असेल, तर अंगणवाडीच्या हजेरीपेक्षा ही बातमी दवाखान्यात पोहोचणं मोलाचं आहे.

उपचार वेळेत झाले तर डोळ्यांची हालचाल काही तासांत-दिवसांत सुधारू लागते. चाल सावरायला महिने लागू शकतात, आणि उशीर झाला तर स्मरणशक्ती अधूच राहू शकते. घरी सोडताना बी-1च्या गोळ्या लिहून दिल्या जातात. गोळ्याही उलटून पडल्या तर त्याच दिवशी परत यायचं, हे बाईबरोबर नवऱ्यालाही समोर बसवून सांगावं लागतं.