आखाडातला रविवार

सकाळचे साडेसहा वाजलेत आणि कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या मटणाच्या दुकानासमोरची रांग तालमीच्या कोपऱ्याला टेकली आहे. भुरभुर पाऊस पडतोय, पण जागा सोडायला कोणी तयार नाही. कुणाच्या हातात स्टीलचा डबा, कुणाच्या कापडी पिशवीत झाकणाचं पातेलं. आषाढातला हा शेवटचा रविवार. आठवडाभरात श्रावण लागेल, मग कितीतरी घरं महिनाभर मटणाला शिवणार नाहीत. ज्यांच्याकडे जोतिबाचा रविवार पाळतात, ते बुधवारीच नेऊन मोकळे झालेत. आज बाकीचे सगळे.

दुकान जेमतेम एका खोलीएवढं. भिंतींना पांढऱ्या फरशा, वर अंबाबाईची तसबीर, खाली आकड्यांना टांगलेली पाच बकरी. कापणं पहाटेच उरकलंय. प्रत्येकाची शेपटी तशीच ठेवली आहे, टोकाला केसांचा झुबका, आणि मागच्या पायांमध्ये अंडकोशही तसेच. रांगेतला प्रत्येक जण आधी तिकडे बघतो, मग वजनकाट्याकडे. शेपटीवरून बकरं की मेंढरू ते कळतं, दुसऱ्या खुणेवरून नर की मादी. कोल्हापूरकराला बोकडाचंच मटण लागतं, आणि पाटीवर काय लिहिलंय यावर तो विसंबत नाही. म्हणून ही खूण शेवटपर्यंत अंगावर राहते.

ठोकळ्यामागे आप्पा उभे आहेत. सत्तरी कधीच ओलांडलीय. शेजारी थोरला मुलगा सत्तूर घेऊन, धाकटा काट्यावर, थोरली सून गल्ल्यावर. उधारीची वही, सुटे पैसे आणि मोबाइलवरून पैसे आल्याचं बोलून सांगणारा तो छोटा डबा, तिन्ही तिच्या ताब्यात. मागच्या मोरीत आप्पांच्या पत्नी, अख्ख्या पेठेच्या काकू, वजडी साफ करताहेत. कढत पाण्यातून काढलेली वजडी पाटावर पसरायची आणि सुरीने वरचा काळपट थर खरवडून काढायचा. एकेक बोटभर जागा साफ होते तशी खालची पांढरी जाळी दिसायला लागते. घाई केली तर वजडी फाटते, हात हलका ठेवला तर वास राहतो. पाटीवर नाव बापलेकांचं आहे, पण वजडीसाठी पार राजारामपुरीतून इथवर येणारी गिऱ्हाइकं काकूंच्या हातावर टिकलीत, हे मला इथे उभं राहिल्यावर स्वच्छ दिसतं.

"काय करणार आज?" आप्पांचा पहिला प्रश्न नेहमी हाच. किती देऊ, हे नंतर.

"पांढरा तर पायजेच की ओ. पावनं आल्यात. आनि वाईच सुक्कं. मी चटणी काढून बसलोय घरात, लवकर द्या," पुढची बाई म्हणते.

एवढ्यावर आप्पांचा हिशेब होतो. पांढऱ्याला आधी आळणी निघाली पाहिजे, म्हणजे मान, सीना आणि नळ्या. त्या शिजून पाण्यात उतरल्या तरच वरून घातलेल्या नारळाच्या दुधाला काही अर्थ. सुक्क्याला मांडी आणि फरा, तुकडे लहान. पाहुण्यांत पोरं आहेत का, असं विचारून दोन नळ्या जास्त टाकतात. कोल्हापूरच्या तांबड्या-पांढऱ्याचं कौतुक सगळेच करतात आणि श्रेय मसाल्याला देतात. माझं मत असं, की रस्सा चुलीवर चढायच्या आधी निम्मा या ठोकळ्यावर ठरलेला असतो.

थोरला मुलगा नवं बकरं आकड्यावरून उतरवतो. मी अगदी जवळ सरकतो. पुढचा पाय एका हाताने उचलून तो सुरीचं टोक बगलेतून फिरवतो आणि सबंध फरा अलगद हातात येतो. हाड कुठे तोडावंच लागत नाही. बकऱ्याचा पुढचा पाय धडाला नुसत्या मांसाने जोडलेला असतो, सांधा नसतोच. मागच्या मांडीला मात्र खुबा आहे. तिथे तो थांबतो, अंगठ्याने चाचपतो, बरोबर खाचेत टोक घालतो आणि पाय बाहेर मुडपतो. हाडाचा पांढरा गोल गोळा वाटीतून निसटून वर येतो. सत्तुराला अजून हात लागलेला नाही.

तो लागतो फासळ्यांपासून पुढे. एका बाजूला तेरा फासळ्या. प्रत्येक घाव एकदाच पडतो. दुसरा मारावा लागला तर हाडाचा चुरा होतो आणि तो नेमका कुणाच्या तरी दाताखाली येतो. ठोकळा चिंचेचा आहे. चिंचेचं लाकूड चिवट, घाव सोसतं आणि त्याची कुसळं मटणात जात नाहीत. तरी मध्यभागी तो परातीसारखा खोलगट झालाय. हा तिसरा, असं धाकटा सांगतो. पहिला आप्पांच्या वडिलांनी आणलेला.

"कवळं हाय न्हवं?" रांगेतला एक पैलवानी बांध्याचा माणूस मोठ्याने विचारतो.

आप्पा बोलत नाहीत. खालच्या टोपलीतली मुंडी उचलतात आणि खालचा ओठ अंगठ्याने दाबून दात दाखवतात. मधले दोन दात रुंद, बाकीचे बारीक दुधाचे. दोनदाती, म्हणजे वर्ष ओलांडलेलं, दोन वर्षांच्या आतलं. माणूस मान हलवतो आणि दीड किलो सांगतो.

ही परीक्षा थोरल्याने आधीच एकदा दिलेली असते, बाजारात. पेठवडगावला किंवा आणखी कुठे जनावर घेताना काटा नसतो. पाठीवर, कमरेवर पंजा दाबून अंदाज बांधायचा. वीस किलोच्या बकऱ्यात नऊ-दहा किलो मटण पडतं. अंदाज किलोभराने हुकला की त्या बकऱ्यातली कमाई गेली. मुंडी, पाय, वजडी, रक्ती यांनी थोडं भरून निघतं. कातड्याला पूर्वीसारखा भाव राहिलेला नाही. 2019 च्या अखेरीस मटणाच्या दरावरून या शहरात आंदोलन पेटलं, तेव्हा लोक आणि दुकानदार समोरासमोर उभे राहिले होते. लोकांची तक्रार खरी होती. पण हाताच्या पंज्याने वजन करणाऱ्या या माणसाची जोखीम त्या गदारोळात कुणी मोजली नाही, असं मला तेव्हाही वाटलं होतं आणि आत्ता त्याचा पंजा बघताना जास्तच वाटतं.

आठ वाजतात. पाऊस वाढतो. धाकटा वजन करता करता सांगतो, की मंगळवार-शुक्रवार तो दुकानात नसतोच. आषाढात त्र्यंबोलीची जत्रा. पंचगंगेचं नवं पाणी पी-ढबाकच्या गजरात टेंबलाईच्या टेकडीवर जातं आणि गल्लोगल्ली बकरी पडतात. तिथे याला बोलावणं असतं. वर्गणी दिलेल्या प्रत्येक घराचा वाटा सारखा पडला पाहिजे. कुणाला नुसती हाडं, कुणाला नुसतं मांस असं झालं तर गल्ली वर्षभर विसरत नाही. कलेजीचेसुद्धा घरटी तुकडे करावे लागतात. "ते काम इथल्यापेक्षा अवघड," तो म्हणतो, "इथं काटा हाय."

नातू आत येतो. कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे, सुट्टीच्या दिवशी हाताखाली असतो. रांगेत आता एक नऊवारीतली आजी पुढे आहे. तिला दोन्ही रस्से करायचेत, शिवाय सुक्कं. ती नातवाकडे बोट दाखवते. "ह्येला दे की सत्तूर. नुसता पिशव्या भरतोय पोरगा."

आप्पा बाजूला होतात. पोरगा मान ठोकळ्यावर ठेवतो. पहिला घाव स्वच्छ. दुसराही. तिसरा तिरका पडतो, मग चौथा त्याच जागी. आप्पा वाकतात, बोटाने हाडाच्या दोन कपच्या वेचून बाहेर टाकतात आणि नातवाचं मनगट धरून किंचित वर सरकवतात. पुढचा तुकडा एका घावात पडतो.

आजी सगळं डोळे बारीक करून बघते आहे. "मान त्यालाच कापू दे, रश्श्यातच जानार हाय," ती निकाल देते. "सुक्क्याची मांडी मातूर तुमी कापा, आप्पा."

मग ठोकळ्याच्या एका कडेला नातू, दुसऱ्या कडेला आप्पा. सून गल्ल्यावरून आजीचा हिशेब सांगते, आजी दहा रुपये कमी करायला सांगते, सून नाही म्हणते. रांगेतून कुणीतरी ओरडून विचारतं, वजडी उरलीय का?

"दोनच ऱ्हायल्यात," मोरीतून काकूंचा आवाज येतो, "आनि त्यातली एक सांगून ठेवल्याली हाय."